थांबून दिलेला पास

३ फेब्रुवारी

सूनबाई,

आशीर्वाद. तू परत गेलीस त्याला आठवडा झाला. फोनवर तू काकूशी बोललीस, तिने माझ्यापर्यंत "पोचली, बरी आहे" एवढंच पोचवलं. माझ्या कानांचं तुला ठाऊक आहे. छापखान्यात मशिनपाशी जन्म काढल्यावर फोन म्हणजे माझ्यासाठी कानाला थंड भांडं लावल्यासारखं. म्हणून पत्र.

मुद्द्यावर येतो. रविवारचा तो ब्रिजचा डाव मी घरी येऊन पुन्हा मांडला, जेवणाच्या टेबलावर, काकूने ताटांसाठी जागा मागेपर्यंत. तुझ्या उजवीकडच्या बाईंनी पहिल्याच बोलीला थेट तीन चौकट म्हटलं. त्यांच्याकडे चौकटची सात पानं आणि बाकी हात भिकार. अशी उडी कुणी ताकदीवर मारत नाही, समोरच्या दोघांचं तोंड बंद करायला मारतं. आपण बोलायच्या आधीच बोली इतकी वर नेऊन ठेवायची, की आपल्याला एकमेकांना काही सांगायला जागाच उरू नये. त्यावर तू डबल दिलास. मी पास दिला. बाईंनी बोललेले नऊच्या नऊ दस्त केले आणि आपण गेलो.

माझ्या लेखी डबल म्हणजे डबल. "तुम्ही हरणार, दंड दुप्पट." छापखान्यात जेवणाच्या सुट्टीत आम्ही तसंच खेळायचो. तुझ्या मनात होतं, "माझा हात चांगला आहे, चौकट सोडून तुम्हाला जे सोयीचं ते बोला." माझ्याकडे बदामची पाच पानं होती. बदाममध्ये दहा दस्त शेंबडं पोरही करून दाखवेल.

डाव संपला, तू पानं गोळा केलीस. नंतर हात धुवायच्या जागी नळ सोडून बराच वेळ उभी होतीस, ते मी पाहिलं. रागावली असतीस तर बरं झालं असतं. तेव्हापासून मला घास गोड लागत नाही.

तर असं कर. हा नवा डबल मला शिकव, पत्रातून. संघाची निवड चाचणी ऑगस्टमध्ये आहे. पालथ्या घड्यावर पाणी, असं काकू म्हणते. घडा सुलटा करून ठेवला आहे. तू ओत.

तुझा भिडू,
काका

ता. क. मागच्या पत्रात 'दुरुस्ती'तला पहिला उकार दीर्घ काढला होतास. ऱ्हस्व.


१६ फेब्रुवारी

ती. काका,

नमस्कार. तुमचं पत्र लॅबच्या पत्त्यावर आलं, जेवणाच्या सुट्टीत वाचलं. इथली दातांची लॅब मोठी आहे. आम्ही आठ जणी एका लांब टेबलाशी बसतो, प्रत्येकीपुढे कुणाचा तरी जबडा. माझ्याकडे खालच्या कवळ्या. मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवायचा, मग वरचा जबडा खालच्यावर टेकवून बघायचा. कुठे किंचित उंच लागला की माणसाचं जेवणं मुश्किल. तुमचा पुतण्या म्हणतो, मी आता लोकांच्या तोंडाकडे बघूनच बोलते.

त्या दिवशी मी रागावले नव्हते काका. डोळ्यात काहीतरी गेलं होतं.

आता धडा. समोरच्याने तीनची उडी मारली की स्वतःला दोन गोष्टी विचारायच्या. त्याच्या रंगाची माझ्याकडे किती पानं आहेत? एखाददुसरं, किंवा एकही नाही? आणि बाकीच्या तिन्ही रंगांत भिडूने काहीही म्हटलं तरी मला चालेल का? दोन्हींना हो, आणि हात खणखणीत, तर डबल. अशा डबलला भिडूने पास द्यायचा नाही, आपला लांब रंग बोलायचा. भिडूचा हात कितीही फुटका असला तरी. आणि तुमच्याकडे त्यांच्याच रंगाची पानं भरलेली असतील, त्यांना दंड करावासा वाटत असेल, तर गप्प बसायचं. हे तुम्हाला सर्वांत जड जाईल. हातात काठी असताना उगारायची नाही.

इथे क्लबात डोळ्यांचे एक डॉक्टर आहेत, फार वरच्या दर्जाचे खेळाडू. गुरुवारी त्यांच्याबरोबर बसते, हात गंजू नये म्हणून.

काकूंना नमस्कार.

तुमची,
सून

ता. क. दुरुस्ती. बघा, दुरुस्त केलं.


४ मार्च

सूनबाई,

आशीर्वाद. धडा मिळाला. मी तो मोठ्या अक्षरात लिहून शिवणयंत्राच्या वर चिकटवला आहे. काकू कपडे शिवताना पुटपुटते, "एखाददुसरं किंवा एकही नाही." तिला पत्ते ओळखता येतात तेवढेच, पण माझा सराव तीच घेते. ती तेरा पानं देते, "तीन इस्पिक" म्हणते आणि माझ्याकडे मास्तरणीसारखी बघते. पहिल्या आठवड्यात वीसपैकी अकरा चुकलो. हात आपोआप जुन्या डबलकडे जातो. काल दोनच चुका. काकू म्हणाली, "लग्नानंतर तुमच्यात बदल झालेला मी पहिल्यांदाच बघते आहे."

आणखी एक. बसली आहेस ना? मी कानाला यंत्र बसवलं. किती वर्षं काकूने डोकं आपटलं, मी दाद दिली नव्हती. पण चाचणीत विरोधकांनी विचारलं की भिडूच्या बोलीचा अर्थ तोंडाने सांगावा लागतो. एरवी बरं आहे, बोली तोंडाने बोलायचीच नसते, डब्यातून कार्ड काढून टेबलावर ठेवायचं. पण प्रश्न ऐकू तर यायला हवा. मागे दोनदा पंचांनी माझ्याऐवजी तुला विचारलं होतं आणि तू माझ्या वतीने माफी मागितली होतीस. पुन्हा तशी वेळ आणणार नाही.

यंत्र लावलं त्या दिवशी स्वतःच्याच चावण्याचा आवाज ऐकून दचकलो. काकू इतकी वर्षं पुटपुटत काय होती, तेही कळलं. ते नसतं कळलं तरी चाललं असतं.

चाचणीसाठी आपली जोडी कधी नोंदवायची ते कळव.

तुझा भिडू,
काका


१५ मार्च

ती. काकू,

नमस्कार. हे पत्र तुमच्या नावाने वेगळं पाठवते आहे. काकांना दाखवू नका.

मला कुणाला तरी सांगायलाच हवं. चाचणीसाठी मी डॉक्टरांना हो म्हटलं आहे. त्यांनी जानेवारीतच विचारलं होतं. मी उत्तर दिलं नव्हतं, पण त्या रविवारी हरल्यावर परत येताना गाडीतूनच त्यांना कळवलं. म्हणजे काकांचं पहिलं पत्र आलं तेव्हा माझा शब्द देऊन झाला होता.

तुम्ही म्हणाल, मग धडे कशाला दिलेस? काकू, त्यांनी विचारलं हो इतक्या मनापासून. मला वाटलं, दोन-तीन पत्रं होतील, कंटाळतील, आणि म्हणतील, "जाऊ दे, माझ्याच्याने होत नाही." मग मला काही सांगावंच लागणार नाही. आता त्यांनी यंत्र बसवलं. ते वाचून माझ्या हातातला कवळीचा दात खाली पडला.

मला पत्ते धरायला त्यांनी शिकवलं. नवी नवरी होते, घरात कुणाशी काय बोलावं कळत नव्हतं, तेव्हा तेच म्हणाले, "इथे बस, चौथा माणूस हवा आहे." हे मी विसरलेले नाही. पण काकू, मला एकदा निवडून यायचं आहे. बारा वर्षं आम्ही पाचवे-सहावे येतो. वय माझंही वाढतंय.

तुम्ही सांगाल का त्यांना? तुमच्या तोंडून ऐकलं तर कमी लागेल.

तुमची,
सून


२४ मार्च

सूनबाई,

अनेक आशीर्वाद. मला पत्र लिहायची सवय नाही, थोडक्यात लिहिते.

मी सांगणार नाही. तुझी बोली तू बोल.

तू दुसऱ्याबरोबर खेळलीस म्हणून मला राग नाही. खेळ आहे, लग्न नव्हे. पण तुझं पत्र मी पिठाच्या डब्यामागे ठेवलं आहे आणि रोज त्यांच्यासमोर बसून "तीन इस्पिक" म्हणते आहे. ते आनंदाने बरोबर उत्तर देतात आणि मी मान खाली घालून पुढची पानं वाटते. तू मला तुझ्या पापात निम्मी वाटेकरी केलंस, हे चांगलं केलं नाहीस.

ते कंटाळतील असं तुला वाटलं, म्हणजे त्यांना तू ओळखलंच नाहीस. लवकर लिही.

काकू


१० मे

सूनबाई,

आशीर्वाद. एप्रिलचं पत्र मिळालं. चार इस्पिकवर काय करायचं ते त्यात सविस्तर आहे, चाचणीबद्दल एक अक्षर नाही. कामाचा ताण असेल.

काल गंमत झाली. मी क्लबात आपली जोडी नोंदवायला गेलो. सचिव म्हणाले, "अहो, तुमच्या सूनबाईंचं नाव तर आधीच आलंय. कुणी डोळ्यांचे डॉक्टर आहेत, त्यांच्याबरोबर." मी म्हटलं, "तिकडच्या लोकांचा काही घोळ झाला असेल. सरावाला बसते ती त्यांच्याबरोबर, त्यावरून कुणीतरी लिहून टाकलं असेल. आमची सून मला न सांगता असं करणार नाही." आपल्याबरोबर क्लबात खेळणारा शिंपी तिथेच होता, गळ्यात टेप घालून. तो काहीतरी बोलणार होता, मग टेपच गुंडाळत बसला.

हे घरी येऊन सांगितलं तर काकू एकदम उठून आत गेली. तिची तब्येत बरी नसावी.

तेवढा घोळ निस्तरून टाक. सचिव महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार आहेत.

काका


१४ मे

ती. काका,

घोळ नाही. नाव मीच दिलं आहे. तुमचं पहिलं पत्र यायच्या आधी.

त्यानंतर दर पत्राला ठरवत होते की या वेळी सांगायचं. मग वाटायचं, आधी धडा पूर्ण करू. तुम्ही इतक्या मेहनतीने शिकत होतात, मध्येच कसं तोडायचं? असं स्वतःला समजावत गेले. तुम्हाला दुखवायचं नव्हतं असं लिहिणार होते, पण ते पूर्ण खरं नाही. तुमचं दुखणं मला बघायचं नव्हतं.

कारण विचाराल. डॉक्टर फार चांगलं खेळतात आणि मला एकदा जिंकायचं आहे. याहून शोभेसं कारण माझ्यापाशी नाही. नळाशी उभी होते तेव्हा मी रडत होते, आणि तेव्हाच ठरवलं.

काकूंना मार्चपासून माहीत आहे. त्यांनी मला तेव्हाच झापलं होतं. त्यांच्यावर रागावू नका.

तुमची,
सून


२० जून

सूनबाई,

पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला. यंत्राची बॅटरी संपली होती, ती आणण्यात दिवस गेले. पत्र लिहायला कान लागत नाहीत हे मला माहीत आहे, काकूने निदर्शनास आणून दिलंच.

तू योग्य केलंस. चांगला भिडू मिळाला तर घ्यावा. मी शिंप्याबरोबर नाव दिलं आहे. त्याला नवा डबल शिकवतो आहे. सोमवारी त्याला जमतो, बुधवारी विसरतो.

प्रकृतीस जपून असावे.

काका


२६ ऑगस्ट

ती. काका,

नमस्कार. चाचणीहून परतल्यापासून हे पत्र लिहिते आहे आणि फाडते आहे. हॉलमधून तुम्ही जिना उतरून गेलात, मी मागे आले, पण तोवर शिंपीकाकांच्या गाडीवर बसून तुम्ही निघूनही गेला होतात.

चाचणीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही दोघं आमच्या टेबलाशी आलात तेव्हा मी गुणांचा कागद उगाच सरळ करत बसले. तुम्ही "नमस्कार, नमस्कार" म्हणून दोघांनाही सारखंच अभिवादन केलंत, परक्यासारखं. डॉक्टरांना मी सांगितलं नव्हतं की हेच माझे काका. तेही माझ्याकडून राहिलं.

मग तो डाव. डॉक्टरांनी तीन इस्पिक ठेवलं. पुढची पाळी तुमची. उडी मारली की पुढच्याने थोडं थांबायचंच असतं, तसा नियमच आहे, म्हणजे कुणाच्या थांबण्यावरून कुणाला काही कळू नये. पण तुम्ही त्याच्याही पुष्कळ पलीकडे थांबलात. पंख्याने माझ्या समोरचा कागद दोनदा उडाला, मी तो दोनदा धरला. मग तुम्ही पास ठेवलात. मीही पास. आणि शिंपीकाकांनी, हातात काही नसताना, चार बदाम ठेवले. तुमचा हात उत्तम निघाला. दहा दस्त झाले.

डॉक्टरांनी पंचांना बोलावलं. तो त्यांचा हक्कच होता. एकजण रेंगाळून पास देतो, म्हणजे त्याच्याकडे काहीतरी आहे, आणि त्यावरून दुसरा बोली लावतो, हे चालत नाही. शिंपीकाका म्हणाले, "अहो, ते नेहमीच सावकाश खेळतात, कानाने कमी आहेत." पंचांनी मला विचारलं, "बाई, ते नेहमीपेक्षा जास्त थांबले का?"

मी म्हटलं, "माझं लक्ष नव्हतं."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि पंचांना म्हणालात, "मी थांबलो. बराच वेळ थांबलो. तिने पाहिलं आहे."

डाव आमच्या बाजूने फिरला. त्या एका डावावर आम्ही दुसरे आलो आणि निवडले गेलो. लोक पेढे मागताहेत आणि मला तोंड वर करवत नाही. काका, मी तुमच्याविरुद्ध बोलू कशी शकले असते? एकदा तुमचा घात केला होता. पुन्हा तुमच्याच तोंडावर तुम्हाला दोषी ठरवू? म्हणून तसं म्हटलं. निदान तेवढं तरी समजून घ्या.

तुमची,
सून


२ सप्टेंबर

सूनबाई,

समजून घेतलं नाही.

मला सोडून तू डॉक्टरांबरोबर गेलीस, ते लागलं. पंधरा दिवस लागलं, मग गेलं. मी तरुण असतो तर मीही तेच केलं असतं. पण "माझं लक्ष नव्हतं" हे मला जाता जात नाही.

तुझं लक्ष नसतं कधी? बारा वर्षं मी तुझ्या समोर बसलो आहे. कोण कुठलं पान कुठल्या बोटांनी काढतो तेसुद्धा तुझ्या नजरेतून सुटत नाही. पंच विचारतात तेव्हा टेबलावरचे चौघंही त्यांचे साक्षीदार असतात, मग पुढे बाप असो की काका. पत्ते कसे धरायचे त्याच्याही आधी मी तुला हेच शिकवलं होतं.

आणि दया कुणावर दाखवलीस? मला खरं सोसणार नाही, असं तू फेब्रुवारीत ठरवलंस आणि मे महिन्यापर्यंत मला खेळवलंस. ऑगस्टमध्ये पुन्हा तेच ठरवलंस, या वेळी चारचौघांत. माझे कान गेले आहेत सूनबाई, कणा गेलेला नाही. मी कबूल केलं नसतं तर काय झालं असतं? तुझ्या खोट्यावर मी जिंकलो असतो.

डॉक्टरांचं काही चुकलं नाही. त्यांना माझा नमस्कार सांग.

काका


११ ऑक्टोबर

ती. काका,

तुमचं पत्र आल्यापासून मी लॅबमध्ये दोन कवळ्या बिघडवल्या. एक तर अशी बसवली की त्या गृहस्थांचं तोंड मिटेना.

मी निवड समितीला कळवलं. त्या डावात विरोधी खेळाडू जास्त थांबले होते, ते मी पाहिलं होतं आणि पंचांनी विचारल्यावर खोटं बोलले, एवढंच लिहिलं. तुम्ही माझे कोण हे लिहिलं नाही. ते कारण ठरलं असतं आणि मला कारण द्यायचं नव्हतं.

समितीने बोलावलं. तिघं जण होते, मधल्या बाई फार शांतपणे बोलल्या. त्या म्हणाल्या, "निकाल तुमच्या उत्तरावर अवलंबून नव्हता. तरी तुम्ही का लिहिलंत?" मी म्हटलं, "उत्तर माझं होतं म्हणून." वर्षभर मला कुठल्याही स्पर्धेत बसता येणार नाही. जोडीतला एक गेला की जोडी जाते. तिसऱ्या आलेल्यांना आमची जागा मिळाली.

डॉक्टरांना हे आधी सांगायला हवं होतं. तेही मी समितीला लिहून झाल्यावर सांगितलं. बघा काका, अक्कल किती येते आहे. त्यांच्या दवाखान्यात गेले, ते कुणाच्या तरी डोळ्यात दिवा धरून बघत होते. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "न दिसण्यावर माझ्याकडे औषध असतं. दिसून न दिसण्यावर नाही." पुढे म्हणाले, "मला आधी विचारलं असतंत तर मीही हेच करा म्हटलं असतं. पण विचारलं असतंत तर." त्यांची ही शेवटची संधी होती, पुढच्या वर्षी ते मुलीकडे कायमचे जाताहेत. हे मला माहीत नव्हतं. एकाचं ओझं उतरवायला गेले आणि दुसऱ्याच्या पाठीवर ठेवून आले.

तुम्ही माफ करावं म्हणून हे लिहीत नाही. दुसरीकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, एवढंच या वेळी जमवलं आहे.

तुमची,
सून


१९ ऑक्टोबर

सूनबाई,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काकूने मोठ्याने वाचायला लावलं. संपल्यावर तिने ते घडी करून पाकिटात ठेवलं. मग म्हणाली, "आता तुमचंही सांगून टाका." तिला कसं कळतं, देव जाणे.

तर माझं ऐक. त्या डावात माझ्याकडे इस्पिकचं एकच पान होतं. बाकी तिन्ही रंग भरलेले, हात खणखणीत. तू शिकवलेल्या डबलसाठी बेतून शिवल्यासारखा. पण समोर शिंपी. दिवस बुधवार. डबल दिला आणि तो जुन्या अर्थाने घेऊन पास बसला तर पुन्हा तोच रविवार. म्हणून विचार करत होतो. इथपर्यंत खरं, आणि पंचांनाही मी हेच सांगितलं असतं.

पुढचं कुणाला सांगितलं नव्हतं. विचार करता करता माझ्या लक्षात आलं, की मी जितका थांबतो आहे तितकं शिंप्याला कळतं आहे. हे लक्षात आल्यावर मी ताबडतोब पास द्यायला हवा होता. दिला नाही. आणखी थोडा थांबलो. का थांबलो ते मी स्वतःला रोज विचारतो. तू शेजारी बसली होतीस आणि मला तुझ्यासमोर जिंकायचं होतं, एवढं ठाऊक आहे. त्याहून पुढे गेलो की माझंच मला नीट दिसत नाही. आणि तरी तुला मी कण्याच्या गोष्टी लिहिल्या. तुझ्यावर ओरडत होतो तेव्हा निम्मा आवाज माझ्यावरच होता.

मीही समितीला लिहिलं. सचिव म्हणाले, "डाव तुमच्याविरुद्ध गेलाच आहे, आता आणखी काय करायचं?" मी म्हटलं, "काही करू नका, फाइलला लावून ठेवा."

मग शिंप्याकडे गेलो. तो कोटाच्या बाह्या उसवत होता. त्याला म्हटलं, "तुला मी फसवणुकीत ओढलं, मला क्षमा कर." त्याने तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि म्हणाला, "कसली फसवणूक? तुम्ही थांबलात हे मला पंच आल्यावर कळलं. मी माझी पानं मोजत होतो. मला वाटलं, चुकून चौदा आली." मी विचारलं, "मग चार बदाम कशाच्या जोरावर म्हटलेस?" तर म्हणतो, "मला बदाम आवडतात."

विश्वास ठेवावा की नाही, मला कळत नाही. त्याचा खेळ बघता खरंही असेल. आणि माझ्यासाठी खोटं बोलत असेल तर तो आणि तू एकाच माळेचे मणी. मग मी एकटाच कुणाकुणावर रागावून बसू?

डॉक्टरांना मी वेगळं पत्र लिहितो आहे. त्यांचं नुकसान आपल्या दोघांच्या घरातून झालं. ते भरून देता येणार नाही. जाण्याआधी इकडून जाणार असतील तर एक संध्याकाळ माझ्याकडे खेळायला बसतील का, एवढं विचारतो. नाही म्हणाले तर तेही बरोबरच.

आपण दोघं पुन्हा जोडीने बसू की नाही, ते आज सांगत नाही. मलाच माहीत नाही. पण काकू विचारते आहे, सुट्टीत इकडे येतेस का. पुतण्याला सुट्टी मिळाली तर त्यालाही घेऊन ये, नाही मिळाली तर एकटी ये. हो की नाही ते लगेच कळव. तू थांबलीस की मला त्याचा अर्थ लावत बसावं लागतं.

काका